एकदाच दिलेला डावा कौल

मी मोठेबा बोलतोय. धावड्याच्या या घरात मला याच नावाने ओळखतात. खरं विचाराल तर मी कुणाचा मोठेबा नाही आणि धाकटाही नाही. मी एक होकायंत्र आहे. तळहातावर मावेल एवढी गोल पितळी डबी, वर झाकण, आत काच आणि काचेखाली एक काटा. काट्याचं एक टोक काळं. ते काळं टोक उत्तरेकडे तोंड करून थांबतं. मला एवढंच येतं बरं का. दुसरं काही येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून मला दोष देताना तुम्ही जरा हात आखडता घ्याल.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा बोटीत बसून मी इकडे आलो आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात पलटणीतल्या नाईक कडूबाच्या खिशात जाऊन पडलो. कडूबा या धावड्याचा. बैलांच्या मागं चालून चालून कंटाळला, एक दिवस कुणाला न सांगता औरंगाबादच्या छावणीत गेला आणि भरती झाला. त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, पण मला मात्र बराबर वाचायचा. नव्या शिपायांना दटावायचा, "रायफल लांब ठेव, मंग डबी उघड. लोखंड जवळ आलं की ह्यो येडा होतो."

मला तेव्हा त्याचा राग यायचा. चारचौघांत वेडा म्हणायचं म्हणजे काय! आता वाटतं, तेवढी एक गोष्ट त्याने घरी येऊन भावाला सांगितली असती, तर एका पोरीचं आयुष्य वाचलं असतं.

पण तो घरी आलाच नाही. लोक सांगतात, गोळी छातीवर घेतली. मी तिथं होतो, मला ठाऊक आहे. तापाने गेला बिचारा. शेवटी शेवटी आईला हाका मारत होता. त्याचं सामान कुणीतरी घाईघाईने एका पत्र्याच्या पेटीत भरलं. कांबळ, वस्तरा, कमरेचा पट्टा आणि मी. मी तर सरकारी माल, माझा त्या पेटीशी काही संबंध नव्हता. पण गडबडीत कोण बघतो?

पेटी धावड्याला पोचली तेव्हा घरात एकच रडारड झाली. कडूबाचा धाकटा भाऊ रखमाजी तेव्हा विशीचा होता. प्रेत नाही, राख नाही, पेटीला कवटाळून रडायचं तरी किती? त्यात कडूबा बिनलग्नाचा, परमुलखात मेलेला. असा माणूस घराच्या मागं लागतो, असं जाणत्यांचं म्हणणं पडलं. त्याचा चांदीचा टाक करून देवघरात बसवा, म्हणाले. सोनाराकडे जायच्या आधी रखमाजीने पेटीतलं सामान बाहेर काढलं, मला हातात घेतलं आणि झाकण उघडलं.

रखमाजीचा हात थरथरत होता, म्हणून माझा काटाही थरथरला.

"दादा हाये ह्याच्यात!" तो ओरडला. "आये, ह्ये बघ, दादा जिता हाये!"

झालं. टाक राहिला बाजूला आणि मी देवघरात बसलो. एका बाजूला खंडोबा, दुसऱ्या बाजूला भवानी, मधे मी. रोज हळदकुंकू, सणावाराला पुरणाचा नैवेद्य, पितरपाटात खीर. मला तर जीव नकोसा व्हायचा. ज्याच्या नावाची खीर तो तिकडे चिखलात पुरलेला आणि मी इकडे त्याच्या जागेवर बसून मान घेतोय! हात जोडून सांगावं तर हात नाहीत, तोंड उघडावं तर तोंड नाही. काटा तेवढा आहे आणि तो हलला की लोक आणखीच पाया पडतात.

मग कौल लावणं सुरू झालं. देवघराचं तोंड पूर्वेला. रखमाजी त्याच्यासमोर पाटावर बसायचा, म्हणजे त्याचं तोंड पश्चिमेला आणि त्याचा उजवा हात उत्तरेला. समोर ताम्हन, ताम्हनात तांदूळ, तांदळावर मी. उजव्या अंगाला एक सुपारी, डाव्या अंगाला एक सुपारी. "कडूबादादा, काम व्हनार असंल तर उजवा दे, न्हाई तर डावा दे." झाकण उघडलं की माझा काटा जरा इकडे तिकडे करायचा आणि उत्तरेला जाऊन थांबायचा. म्हणजे उजवा. दर वेळी उजवा.

म्हैस घ्यायची का? उजवा. चुलत्याशी कोर्टात भांडायचं का? उजवा. विहीर खोदायची का? उजवा! विहिरीला पाण्याचा टिपूस लागला नाही, पण मला कुणी बोल लावला नाही. "मोठेबांनी व्हय म्हनलं, आपल्याच नशिबात पानी न्हाई," म्हणून मोकळे झाले. माणसांची ही सवय मला इथं येऊन कळली. आधी मनात ठरवून ठेवायचं आणि मग देवाला विचारायचं. देव हो म्हणाला की आपण केवढे शहाणे! धावड्यात रखमाजी मिशीवर ताव देऊन सांगायचा, "आमचे मोठेबा आजपोतर कव्हाच न्हाई म्हनले न्हाईत."

रखमाजीला दोन लेकरं. मोठा तातेराव आणि त्याच्यामागून दहाएक वर्षांनी झालेली बेबीनंदा. बेबीनंदा माझी लाडकी. दुसरे माझ्याकडे मागायला यायचे, ही नुसती सांगायला यायची. रोज सकाळी माझी काच लुगड्याच्या पदराने पुसता पुसता बोलायची. शेजारणीची कोंबडी खुराड्यातून पळाली, वांग्याला कीड लागली, मास्तरणीने नवं घड्याळ घेतलं. मी तिचा कोण? कुणी नाही. पण ती "मोठेबा, ऐकून राह्यलात ना?" म्हणाली की मला खरंच कडूबा व्हावंसं वाटायचं.

जालना नवा जिल्हा झाला त्यानंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट. तातेरावचं लग्न झालं होतं, त्याची बायको उषाबाई पहिलटकरीण. बाळंतपण फार अवघड गेलं. पोरगा झाला, त्याचं नाव काकासाहेब ठेवलं, पण उषाबाई अंथरुणाला खिळली. उठून बसायची ताकद नव्हती. पोराचं दूधपाणी, उषाबाईचं न्हाणंधुणं, दोन वेळचा स्वयंपाक, शेतावरच्या भाकरी, सगळं बेबीनंदावर आलं. पोरगी भिंगरीसारखी फिरायची. पोराला कडेवर घेऊनच माझी काच पुसायची.

अशात तिला आष्टीचं स्थळ आलं. मुलगा वसंता. आष्टीच्या बाजारात त्याचं बी-बियाणांचं छोटं दुकान होतं. नात्यातल्या एका लग्नात दोघांनी एकमेकांना बघितलं होतं. वसंताने घरी सांगितलं, करीन तर हीच. देणंघेणं काही नको म्हणाले. रखमाजी खूश झाला. बेबीनंदा कुणाला काही बोलली नाही. मला बोलली. पदराने काच पुसली, पुसलेली काच पुन्हा पुसली आणि हळूच म्हणाली, "मोठेबा, उजवा द्या हं. त्यो हसला ना की त्याच्या गालाला खळी पडती."

अगं वेडे, मी उजवाच देतो. मला दुसरं येतंच कुठं?

पण तातेरावची झोप उडाली. आष्टी परतूरच्या पलीकडे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. बहीण तिकडे गेली की सणाशिवाय यायची नाही. इथं तान्हं पोर, बायको अंथरुणाला, आई कधीच वारलेली. त्याने रखमाजीला दोनदा म्हणून बघितलं, "आबा, एक साल थांबू." रखमाजीने उडवून लावलं. असं स्थळ वर्षभर थांबतं होय?

तातेरावला रेडिओ उघडून दुरुस्त करायचा नाद होता. मोडक्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक त्याच्या खिशात असायचं. काळं, जड, बांगडीसारखं गोल. एकदा देवघर झाडायला वाकला तेव्हा माझ्या उघड्या झाकणातला काटा गर्रकन फिरला. त्याने बघितलं. चुंबक मागं नेलं, पुढं आणलं, उलटं धरलं. मी काय करणार? तो नेईल तिकडे पळत होतो. तातेराव एकदम मागं सरला. आपला बाप आयुष्यभर कुणाशी बोलत आला, हे त्याला त्या दुपारी कळलं असणार. पण तो कुणाला बोलला नाही.

कौलाच्या दिवशी पाट तातेरावनेच मांडला. पाटाच्या पुढे लाल वस्त्र अंथरलं आणि त्या वस्त्राखाली, डाव्या अंगाला, ते काळं कडं सरकवलं. रखमाजीची नजर अधू झाली होती, त्याला वस्त्राचा फुगवटा दिसला नाही. वसंताचा चुलता सुपारी फोडायच्या तयारीने ओसरीवर बसला होता. बेबीनंदा दाराआड उभी. कडेवर काकासाहेब.

"कडूबादादा, लेक द्यायची का?"

झाकण उघडलं. मला उत्तर दिसत होती, देवाशप्पथ दिसत होती. पण त्या कड्याने मला असं खेचलं की माझं काहीच चाललं नाही. माझं काळं टोक डावीकडे जाऊन थांबलं.

रखमाजीने झाकण लावून पुन्हा उघडलं. डावा. तिसऱ्यांदा. डावाच. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ज्याने उभ्या आयुष्यात कधी नाही म्हटलं नाही, तो नाही म्हणाला होता. मी आधी अधूनमधून डावा देत असतो तर त्या नकाराला एवढं वजन आलं नसतं. माझ्या आजवरच्या सगळ्या उजव्या कौलांनी मिळून त्या पोरीचा घात केला, असं मला आजही वाटतं.

वसंताचा चुलता हात जोडून उठला. "पितराच्या मनात न्हाई तर आमची बी हिंमत न्हाई," म्हणाला आणि चहा न पिताच गेला.

मागाहून पाट उचलायला बेबीनंदा आली. डोळे सुजलेले. वस्त्राची घडी घालताना तिला ते कडं सापडलं. हातात घेऊन बघितलं आणि ओसरीवर जाऊन भावाला दिलं. "दादा, तुझ्या रेडूचं ह्ये हितं राह्यल्तं." तातेरावने तिच्याकडे न बघता ते घेतलं. त्याच संध्याकाळी त्याने ते बिनपाण्याच्या विहिरीत टाकलं.

तातेराव वाईट माणूस नव्हता हो. एक साल थांबवायचं, एवढाच त्याचा हिशेब. पुढच्या वर्षी उषाबाई उठून बसली, चालायला लागली. तातेराव बहिणीसाठी स्थळं शोधायला निघाला. भोकरदन, जाफ्राबाद, पार देऊळगावराजापर्यंत चपला झिजवल्या. सगळीकडे त्याच्या आधी ती बातमी पोचलेली. "तुमच्याच मोठेबांनी डावा दिला म्हनं. मंग आमच्या गळ्यात काहून बांधून राह्यले?" पितराने अडवलेली पोरगी कोण करणार? त्याने बापाला गळ घातली, पुन्हा कौल लावू. रखमाजी म्हणाला, "एक बार बोलले ते बोलले. पुन्हा पुन्हा इचारायला ती काय कचेरी हाये?"

तातेरावने तेव्हा तोंड उघडलं असतं तर? रोज उघडता आलं असतं. रखमाजी मरायला टेकला तेव्हा "माझ्या बेबीचं कसं व्हईल" म्हणून रडला, तेव्हाही तातेराव पायाशी बसून होता. तो पाय चेपत राहिला. त्यानंतर तो देवघरासमोर बसायचाच बंद झाला. पूजा बेबीनंदाकडे आली. तिकडे वसंताचं लग्न होऊन गेलं, त्याला लेकरंबाळं झाली.

आणि बेबीनंदा? तिने माझ्यावर राग धरला असता तर मला बरं वाटलं असतं. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही, एवढंच. मग एका सकाळी पदर घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्हाला काहीतरी दिसलं असंल मोठेबा, मला दिसलं न्हाई ते. त्या घरी माझं बरं झालं नसतं, व्हय ना?" आणि ती मला नैवेद्य दाखवत राहिली. काकासाहेबला तिने वाढवलं, शाळेत घातलं, त्याच्या दहावीला माझ्यापुढे नारळ फोडला. केस पिकायला लागले तरी रोज काच पुसायची. तो पदर काचेवर फिरला की माझा काटा थरथरायचा आणि तिला वाटायचं, मोठेबा आशीर्वाद देतायत. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

काकासाहेब मोठा झाला आणि जालन्याच्या एमआयडीसीत सळ्यांच्या कारखान्यात लागला. तिथं लढाईतल्या जुन्या वस्तू विकत घेणारा रशीद त्याच्या ओळखीचा झाला. रशीदचं म्हणणं, अशा मालाला हैदराबादेत शौकीन गिऱ्हाईक आहे. काकासाहेबला कामावर जायला गाडी पाहिजे होती. जालन्यातल्या खोलीवरून कारखान्यात रोज टेम्पोत लोंबकळून तो वैतागला होता. एका रविवारी घरी आला आणि जेवता जेवता म्हणाला, "अण्णा, मोठेबांची डबी विकू या का?"

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण तातेरावचा घास हातातच राहिला आणि तो एकदम म्हणाला, "विक. बिलकुल विक. आजच्या आज बोलाव त्याला."

उषाबाई बघतच राहिली. बेबीनंदा चुलीपासून उठून आली. "दादा, डोकं ठिकानावर हाये का? मोठेबा हायेत ते! चुलत्याला इकतं का कुनी?"

"आता कुटं कौल लावतो आपुन? नुसतं धूळ खात पडलंय."

"धूळ? मी रोज पुसते!" तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "ह्या घरात माझं असं दुसरं काय हाये, सांग बरं?"

तातेरावने हातातला घास ताटात ठेवला. पण त्याच्या डोळ्यांत मला सुटकेची आशा दिसली. मी घरातून गेलो असतो तर तो रोज सकाळी देवघराकडे पाठ न करता पाणी पिऊ शकला असता. आणि खरं सांगू? मलाही जायचं होतं. आम्हा दोघांना एकच बाई नजरेसमोर नको होती आणि ती बाई माझ्यासाठी भांडत होती.

शेवटी तिनेच तोड काढली. "त्यांनाच इचारू. मोठेबा जातो म्हनले तर मी अडवनार न्हाई."

पुढच्या रविवारी रशीद आला. पन्नाशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. त्याला ओसरीवर बसवून बेबीनंदाने स्वतः पाट मांडला. सुपाऱ्या ठेवल्या. तातेरावला पाटावर बसवलं. बेबीनंदाने हात जोडले. "मोठेबा, जायचं असंल तर उजवा द्या. ऱ्हायचं असंल तर डावा द्या. तुम्ही मला एकदा डावा दिलाय, आज माझ्यासाठी अजून एक द्या."

कसं सांगू, त्या क्षणी मला डावीकडे वळायचं होतं. सगळा जीव काट्यात आणला. काटा हलला, डुलला आणि उत्तरेला जाऊन थांबला. उजवा.

तिने मग मला उचललं, पदराने पुसलं, कपाळाला लावलं आणि ओसरीवर जाऊन रशीदच्या हातात दिलं. "न्या. त्यांनाच ऱ्हायचं न्हाई हितं."

रशीदने मला उलटंपालटं करून बघितलं. मग खिशातून दोरीला बांधलेलं एक काळं, जड कडं काढलं. "बुरा मत मानना बाई. पितळ असली हाये का बघावं लागतंय. लोखंडावर मुलामा असला तर ह्ये चिकटतंय."

चुंबक माझ्याजवळ आलं. मी पितळेचा, मला ते चिकटलं नाही. पण काटा! काटा गर्रकन फिरला आणि डावीकडे जाऊन थांबला.

"थांबा," बेबीनंदा म्हणाली. "ह्ये काय केलं तुम्ही?"

"काही न्हाई, बाई. कंपास हाये ना, चुंबक बघून काटा भागता है. जिदर धरो उदर."

"डावीकडं बी?"

रशीदने हसून कडं इकडे नेलं, तिकडे नेलं. काटा त्याच्यामागं फिरला. रशीदला काय माहीत, तो काय करतोय! बेबीनंदाने हात पुढे केला, त्याच्याकडून ते कडं घेतलं आणि तळहातावर तोललं. त्याचं वजन तिच्या हाताला आठवत होतं. मी तिचा चेहरा बघत होतो आणि मला तिथून पळून जायचं होतं.

"दादा," ती म्हणाली, "वसंताच्या टायमाला वस्त्राखाली ह्येच हुतं ना?"

तातेराव दारात उभा होता. तो खालीच बसला. उंबऱ्यावर, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

"एक साल थांबवायचं हुतं फकस्त," तो म्हणाला. "उषाला उठता येत नव्हतं. काकासाहेब एवढुसा. मला वाटलं, पुढल्या साली दुसरं स्थळ येईल. मला काय ठाव, पुन्हा कुनीच..." म्हातारा व्हायला आलेला माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता.

उषाबाई आतून आली होती. "माझ्यासाठी?" ती म्हणाली. "अवो, माझ्या नावावर ह्ये कशाला घातलं तुम्ही?"

बेबीनंदा रडली नाही. कडं रशीदला परत दिलं. मग भावाजवळ जाऊन उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मला इचारायचं हुतं की, दादा. मला एक शब्द इचारला असतास, तर मी थांबले असते. वसंताला बी मीच सांगितलं असतं, एक साल थांब. थांबला असता त्यो."

हे मात्र तातेरावच्या कधी मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही. बाप मला विचारत होता, वसंताचा चुलता माझ्या तोंडाकडे बघत होता, भाऊ माझ्या काट्याशी खेळत होता आणि जिचं लग्न होतं ती दाराआड पोर घेऊन उभी होती. तिला विचारावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. तातेराव तिच्या पायाशी वाकायला लागला तशी ती मागं सरली.

रशीद उठला. "मैं बाद में आता, काकासाहेब. घरचं निपटू दे आधी." मला त्याने पाटावर ठेवलं आणि चपला घालायला लागला.

काकासाहेब इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. ज्या तान्ह्या पोरासाठी हे सगळं घडलं तो तोच होता आणि ते त्याला आज कळलं होतं. तो पुढे आला, म्हणाला, "आत्या, मला गाडीबिडी काही नको. तूच सांग. ठेवायची का विकायची? तू म्हनशील तसं."

बेबीनंदाने त्याच्याकडे बघितलं. तिला कुणी काही विचारल्याची सवयच नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं.

"न्हाई इकायची," ती म्हणाली. "इकली म्हंजी तुझा बाप मोकळा हुतो."

तेव्हापासून मी देवघरात नाही. खंडोबाच्या आणि भवानीच्या मधली जागा तिने सारवून घेतली आणि तातेरावच्या बाजेसमोर भिंतीला खिळा ठोकून मला दोरीने टांगलं. झाकण उघडं. हळद नाही, कुंकू नाही, खीर नाही. काच पुसायला ती येत नाही. माझ्यावर खरोखरच धूळ बसते आता. तातेराव सकाळी डोळे उघडतो तो माझ्याकडे बघतच. कूस बदलली तरी मी पाठीला आहेच, हे त्याला कळतं. तो मला उतरवून ठेवू शकतो, हात पुरतो त्याचा, पण त्याने ते कधी केलं नाही. खिळा लोखंडाचा असल्यामुळे माझा काटा इथं धड उत्तरेलाही थांबत नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत दिवस काढतो.

बेबीनंदा भावाशी बोलते. अंघोळीला पाणी ठेवलंय, औषध घेतलं का, एवढंच. ताट वाढते, पुढ्यात सरकवते, निघून जाते. पूर्वी ती ताटाशी बसून त्याला गावच्या गोष्टी सांगायची, तशी बसत नाही.

लोकहो, तुमच्याही घरी माझ्यासारखं काहीतरी असेल. लढाईतलं म्हणा, आजोबांच्या हातचं म्हणा, पेटीत किंवा देवात ठेवलेलं. ठेवा नाहीतर विका, माझं काही म्हणणं नाही. पण त्याला काही विचारत बसू नका. शेजारच्या खोलीत ते माणूस आहे ना, ज्याचं आयुष्य ठरायचं आहे, त्याला जाऊन विचारा. आम्हा वस्तूंना कुणाच्या गालाची खळी दिसत नाही.

रशीद अधूनमधून येऊन जातो. काकासाहेबची ख्यालीखुशाली विचारायच्या निमित्ताने दारात गाडी थांबवतो आणि माझ्याकडे एक नजर टाकून विचारतो, "बाई, देनी है क्या?" ती दर वेळी म्हणते, "न्हाई." तातेराव मान खाली घालतो. दोन-तीन वर्षं असंच चाललं.

परवा तो आला तेव्हा तातेराव जेवत होता. हल्ली त्याचा हात कापतो, भाकरीचा तुकडा दोनदा ताटात पडला. बेबीनंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती ते बघत उभी राहिली. बाहेरून रशीदने विचारलं, "बाई, देनी है क्या?"

"अजून न्हाई," ती म्हणाली.

रशीद गेला. तातेरावने मान वर केली. "बेबे," तो म्हणाला, "अजून म्हनलीस तू."

तिने तांब्या खाली ठेवला आणि ती ताटाशी बसली. भाकरी हातात घेऊन चुरली, कालवण ओतलं आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं.

"जेव," ती म्हणाली आणि तिथंच बसून राहिली.